डाव्या बाजूचं जेवण

इंदूरमधल्या आमच्या लोकमान्यनगराच्या बाजूला एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर गेल्या पावसाळ्यात २२ खुर्च्यांचं एक छोटं हॉटेल सुरू झालं. तिथे थाळी मिळत नाही. पनीरच्या १४ भाज्यांची यादीही नाही. येतात त्या लहान ताटल्या आणि वाट्या: भुट्ट्याचा कीस, दोन भरली वांगी, कोथिंबीरवडी, अंबाडीची भाजी आणि सोबत चतकोर भाकरी, थंडीत जीरावन हा इंदुरी मसाला भुरभुरलेलं गराडू, म्हणजे तळलेला कंद. चौघं बसतात, सहा-सात ताटल्या मागवतात, मधे ठेवतात आणि सगळ्यांतलं सगळे खातात. या एवढ्याशा जागेवरून आमच्या रहिवासी संघाच्या बैठकीत तीन तास वाद झाला. एक काका म्हणाले, "मुठीएवढ्या वाटीचे १६० रुपये? ही राजरोस लूट आहे." त्यांना उत्तर मिळालं, "काका, पुण्या-मुंबईत हेच चालतं, आपणच मागे राहिलोय." मग संस्कृती निघाली, पार्किंग निघालं, ज्येष्ठ नागरिकांची झोप निघाली. ज्या पदार्थांवरून वाद चालला होता ते खाल्लेले तिथे किती होते, हे मात्र कोणी विचारलं नाही.

एक बाजू वाटी तोलत होती, दुसरी पुण्याचा दाखला देत होती. पुण्यात चालतं म्हणून इंदूरमध्ये चालावं, हा काही युक्तिवाद नव्हे. पण वाटी लहान म्हणजे लबाडी, हाही नव्हे. माझं मत सांगून टाकते. हे हॉटेल आमच्या गल्लीत राहायला हवं. लहान ताटलीत फसवणूक नाही आणि ती बाहेरून आलेली चैनही नाही. आपल्याला बोचतंय ते वेगळंच. पिढ्यानपिढ्या जे आपल्याला फुकट मिळत आलं, त्यावर कोणीतरी आता किंमत लिहिली आहे, आणि ती वाचायची आपल्याला सवय नाही.

मराठी पान कसं वाढतात ते आठवा. वर मधोमध मीठ, शेजारी लिंबाची फोड, डावीकडे चटणी, लोणचं, कोशिंबीर, सणावारी पंचामृत. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मधे भाताची मूद. पोट भरतं ते भातानं आणि उजव्या बाजूनं. डावी बाजू नुसती तोंडी लावायला. पण कुणाच्या हाताला चव आहे, हे ठरतं त्या डाव्या बाजूलाच. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात माझी आजी १४ माणसांच्या पानात रोज डावीकडे निदान तीन-चार पदार्थ वाढायची. खोबरं खवायचं, तीळ भाजायचे, पाट्यावर चटणी वाटायची, काकडी चोचवायची, दाण्याचा कूट करायचा. ती स्वतः जेवायला बसायची तेव्हा दुपारचे दोन वाजून गेलेले असायचे आणि तिच्या पानात डावीकडे यायची ती पातेल्याच्या कडेला चिकटलेली कोशिंबीर. त्या चमचाभर चटणीला किती वेळ लागला, असं त्या घरात कधी कोणी विचारलं असेल का? चमचाभर म्हणजे क्षुल्लक, हेच आपण शिकलो. आता त्याच चमचाभराची वाटी झाली, ती डावीकडून उचलून टेबलाच्या मधोमध आली आणि तिच्यापुढे आकडा लिहिला गेला. उजव्या बाजूच्या पनीरला ३०० रुपये देताना आपली भुवई हलत नाही. कोशिंबिरीला १६० म्हटलं की लूट. हा हिशेब वजनाचा आहे की आपल्या जुन्या सवयीचा?

म्हणून आकारलेला प्रत्येक पैसा रास्तच आहे, असं मी म्हणत नाही. काकांच्या बोलण्यातला सर्वांत खणखणीत मुद्दा हाच आहे, आणि तो टाळून पुढे जाणं बेइमानी होईल. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात उभ्यानं खाल्लेला कीस याहून पुष्कळ स्वस्त पडतो आणि पुष्कळांच्या मते जास्त चांगला असतो. चार जणांचं कुटुंब इथे पोटभर जेवायचं म्हटलं तर थाळीच्या दुपटीनं बिल येऊ शकतं. आमच्या गल्लीतल्या घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षावाले, समोरच्या दुकानातली मुलं इथे येणार नाहीत, हे मला दिसतं आणि ते सलतं. पण हा दोष ताटलीच्या आकाराचा आहे का? मोठ्या ताटल्यांचं हॉटेल त्याच बंगल्यात निघालं असतं, तर या माणसांना परवडलं असतं का? खुर्ची, छप्पर, भाडं, धुतलेलं भांडं आणि महिन्याच्या पगारावरचा कारीगर आला की हातगाडीचा भाव सुटतोच. शिवाय अशा हॉटेलांना नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के जीएसटी लावायचा असतो, पण स्वतःच्या खरेदीवर आणि भाड्यावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो बोजा शेवटी वाटीतच येऊन पडतो.

भटारखान्याच्या बाजूनं पाहिलं तर लहान ताटलीचं गणित आणखी उलगडतं. १५० पदार्थांची यादी लावणारं हॉटेल १५० पदार्थ रोज करत नसतं. लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन ग्रेव्ह्या सकाळी उकळून ठेवायच्या, त्यांतच पनीर, कोफ्ता, मटार फिरवायचे आणि उरलेलं फ्रीजरवर सोपवायचं. २२ खुर्च्यांच्या जागेला एवढा फ्रीजर ठेवायला जागाही नसते आणि एवढा माल पडून राहिला तर ती तगतही नाही. म्हणून १२-१५ पदार्थ, बाजारात त्या आठवड्यात काय आलंय त्यावरून ठरलेले. पावसाळ्यात भुट्टा, थंडीत गराडू, उन्हाळ्यात कैरी. जो पदार्थ तयार होईल तो आधी टेबलावर येतो, म्हणून दोन शेगड्यांवर भागतं. हंगाम धरून शिजवणारं हॉटेल हवं, असं आपण सगळेच म्हणतो. त्याला १५० पदार्थांची यादी परवडत नाही, हे मात्र आपण विसरतो.

ज्येष्ठांच्या रागामागे एक इतिहास आहे. तो हसण्यावारी नेणाऱ्या तरुणांचा मला जास्त राग येतो. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं, आणि सोमवारी संध्याकाळी घराघरांत चुली पेटल्या नाहीत, हॉटेलं बंद राहिली. रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेला तांबडा गहू ज्यांनी खाल्ला, लग्नात किती पाहुण्यांना जेवू घालायचं यावर सरकारी बंधन असलेला काळ ज्यांनी पाहिला, त्यांना भरलेलं ताट म्हणजे सुटका वाटते. अर्धं रिकामं ताट पैसे देऊन विकत घ्यायचं, ही कल्पना त्यांना अपमानासारखी वाटली तर नवल काय? पण याच पिढीनं आपल्याला दुसरी गोष्टही शिकवली आहे: पानात टाकायचं नाही. लग्नाच्या बुफेत उंच रचलेल्या आणि अर्ध्या टाकून दिलेल्या ताटल्या पाहून याच काकांचा जीव तळमळतो, हे मी पाहिलंय. थोडं घ्या, हवं तर पुन्हा घ्या, हा त्यांच्याच घरातला नियम आहे. हे हॉटेल त्याच नियमावर चालतं. आग्रह करून वाढलेलं आणि मग खरकट्यात गेलेलं अन्न आपण उदारपणात मोजतो. मोजून वाढलेलं आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्लेलं अन्न मात्र कंजूषपणात का मोजायचं?

माप लपवणं मात्र माफ करण्याजोगं नाही. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका हॉटेलात आम्ही चौघी मैत्रिणी गेलो होतो. 'सगळ्यांनी मिळून खायच्या' म्हणून कार्डावर छापलेल्या ताटलीत तीन वड्या आल्या. चौघींत तीन! आम्ही चौथीसाठी अर्ध्या-अर्ध्या वड्या तोडत बसलो आणि सगळ्या गप्पा त्या तोडातोडीत आटल्या. एप्रिल २०१७ मध्ये तेव्हाचे ग्राहक व्यवहार मंत्री रामविलास पासवान यांनी हॉटेलांनी एका प्लेटमध्ये किती देतो हे जाहीर करावं, असा विचार मांडला. तेव्हा केवढा गदारोळ झाला! सरकार आता घास मोजणार का, असं विचारलं गेलं. पुढे १० किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या साखळ्यांना कार्डावर एका वाढपाचं माप आणि कॅलरी लिहिणं बंधनकारक झालं. आमच्या गल्लीतल्या एकट्या हॉटेलाला हा नियम लागू नाही. पण कायदा सांगत नाही म्हणून मालकानं लिहू नये, असं थोडंच आहे? 'वडी, ४ नग', 'कीस, १५० ग्रॅम' एवढं छापलं की काकांच्या तक्रारीचा अर्धा भाग तिथेच निकाली निघतो. सेवा शुल्काचंही तेच. ते बिलात आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. भाव कितीही ठेवा, पण आधी सांगा. बैठकीत हा मुद्दा कोणी मांडला असता, तर मी उभी राहून पाठिंबा दिला असता.

'परदेशी खूळ' हा आक्षेप मात्र इंदूरच्या माणसानं घ्यावा, याचं मला खरोखर दुःख होतं. स्पेनमध्ये टापास, तुर्की आणि ग्रीसमध्ये मेझे, चीनमधल्या कॅंटनच्या चहागृहांत डिमसम. लहान ताटल्या मधे ठेवून खाणं जगात ठिकठिकाणी आपापलं उगवलेलं आहे. पण त्यासाठी इतक्या लांब कशाला जायचं? सराफा काय आहे? दिवसभर चांदी-सोन्याची पेढी, आणि रात्री तिची फळी बंद झाली की तिच्यासमोर कढई. सराफ्यात कोणी एका जागी पोट भरत नाही. एक प्लेट कीस चौघांत, मग पुढे गराडू, मग दहीवडा, मग साबुदाण्याची खिचडी, शेवटी जिलेबी नाहीतर मालपुआ. बाहेरून आलेल्या पाहुण्याला आपण पढवतो, "एकाच ठिकाणी जास्त खाऊ नकोस, पुढे अजून खूप आहे." हे लहान ताटल्यांचं जेवण नाही तर दुसरं काय आहे? फरक एवढाच की तिथे आपण ताटल्यांकडे चालत जातो आणि इथे त्या आपल्याकडे येतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा फरक लहान नाही. आणि परदेशीच म्हणायचं तर भुट्टा अमेरिका खंडातून आला, ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो तिथूनच आला, बटाटा तिथून आला. त्याच भुट्ट्याला किसणीवर घासून, दुधात शिजवून, हिंग-मोहरीची फोडणी देऊन माळव्यानं त्याचा कीस केला, आणि आता तो आमच्याइतका दुसऱ्या कुणाचाच नाही.

एका आजोबांनी पंगतीची आठवण काढली. एका ओळीत सगळे, सगळ्यांच्या पानात सारखं, यजमान आग्रह करतोय. हे सोडून एका ताटलीत चार हात घालायचे? उष्टं खायचं? त्यांचा आवाज दाटून आला होता. मलाही पंगत प्रिय आहे. पण पंगतीत सारखं वाढलं जायचं ते बसलेल्यांना. बसायचं कोणी, हे आधीच ठरलेलं असायचं. बायका नंतर, गडीमाणसं अंगणात, आणि काहींना उंबऱ्याच्या आत पाऊलही नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या वृत्तपत्रात छापून आणली आणि सगळ्या शहरात वणवा पेटला. त्या यादीत टिळक होते, रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं. एक पेला चहा! लोक भांडत होते ते त्या चहाच्या चवीवरून का? कोण कुणाबरोबर बसून पितो, यावरून. म्हणूनच कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्य गणल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली, आणि तेवढ्यावर न थांबता स्वतः तिथे जाऊन चारचौघांसमोर चहा घेतला, बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. हॉटेल या जागेनं आपल्या समाजात जे काम केलं ते पंगतीला जमलं नव्हतं: पैसे दे आणि शेजारी बस. एका ताटलीतून चौघांनी वाढून घेणं ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे, असं मी मानते. उष्ट्याचा प्रश्न स्वच्छतेचा असेल, तर प्रत्येक ताटलीत वाढायचा वेगळा चमचा ठेवा, प्रश्न मिटला. चमचा ठेवूनही मिटत नसेल, तर तो स्वच्छतेचा नव्हता.

गल्लीच्या त्रासाचा मुद्दा मी हलका मानत नाही. २२ खुर्च्या म्हणजे शनिवारी संध्याकाळी आठ-दहा गाड्या, आणि आमच्या गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. सराफ्याचं उदाहरण इथे उलट्या बाजूनंही लागू पडतं. अलीकडे सराफा व्यापाऱ्यांनीच गर्दी, गॅस सिलिंडर आणि आगीचा धोका यांवरून आवाज उठवला आहे, आणि ती भीती खरी आहे. बीआरटीएसच्या, म्हणजे बससाठी राखलेल्या रस्त्याच्या पट्ट्यात २०२२ मध्ये दुकानं रात्रभर उघडी ठेवायची परवानगी मिळाली आणि २०२४ मध्ये ती मागे घेतली गेली. त्या दोन वर्षांत आपण 'इंदूरचे संस्कार' आणि 'मेट्रो शहर' असे मोठमोठे शब्द एकमेकांवर फेकले. किती वाजता काय बंद, कुठे दिवा, कुठे पोलीस, यावर फार थोडं बोललो. आमच्या बैठकीतही तेच घडलं. गाड्या कुठे लावायच्या, शटर किती वाजता ओढायचं, भटारखान्याचा धूर कोणत्या बाजूला सोडायचा, रात्रीचा ओला कचरा गाडी येईपर्यंत कुठे ठेवायचा. सलग इतकी वर्षं देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मान मिळवणाऱ्या शहराला हे ठरवता येत नसेल का? मालकाकडून हे लिहून घ्या. मोडलं तर महापालिकेकडे जा, मी पहिली सही करीन. पण गाड्यांचा राग वाटीवर काढू नका.

आणि ज्या ज्येष्ठांच्या नावानं हे सगळं बोललं गेलं, त्यांच्यातल्या एकीविषयी मला लिहायलाच हवं. माझी मावशी ७६ वर्षांची आहे. तिचे यजमान गेल्यापासून एकटी राहते. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळूरला, जसं आमच्या या भागातल्या कितीतरी मराठी घरांत आहे. आयुष्यभर तिनं आठ माणसांचा स्वयंपाक केला. एका माणसाचा तिला जमत नाही. पावशेर भेंडी आणली तर दोन दिवस तीच भाजी. चटणी वाटायला घेतली तर कुणासाठी, असं वाटून मिक्सर पुन्हा आत जातो. हळूहळू तिच्या पानाची डावी बाजू रिकामी होत गेली. मग उजवीही. उरलं दूध-पोळी. थाळीच्या हॉटेलात तिला नेलं तर एवढं ताट पाहूनच तिचं पोट भरतं आणि टाकलेल्याचं पाप लागेल म्हणून ती रडकुंडीला येते. या हॉटेलात ती आठवड्यातून दोनदा सकाळी साडेअकराला, गर्दी नसताना, जाते. एक वाटी अंबाडीची भाजी, चतकोर भाकरी, कधी एक भरलं वांगं. भाजीला लसणाची फोडणी वरून द्यायला तिनंच तिथल्या मुलाला शिकवलं. ती आली की आता तो विचारतो, "आजी, आज कशी झालीय?" मग ती सांगते, आणि कधी कधी अजिबात न लाजता "बिघडली" म्हणते. १६० रुपयांत तिला वाटीभर भाजी मिळते, एवढंच म्हणणाऱ्याला मी काय समजावू? एका माणसापुरतं, आणि तरीही निगुतीनं केलेलं अन्न तिला आज दुसऱ्या कुठल्या जागी मिळेल? भरगच्च ताटाचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या समाजात तिच्या वाट्याचं ताट कोण वाढतं आहे?

रविवारी पुन्हा बैठक आहे. नग आणि वजन कार्डावर छापा, वाढायचे चमचे वेगळे ठेवा, साडेदहाला शटर ओढा, शनिवारी गाड्या मैदानाच्या कडेला लावायची सोय करा, एवढं मी कागदावर लिहून ठेवलंय. काकांना मी फोन केला होता. नग छापले तर आपला विरोध बराच कमी होईल, असं ते म्हणाले, आणि मला ते मनापासून बरं वाटलं. मावशीही येणार आहे. तिचं घर त्या बंगल्याला अगदी लागून आहे, तिच्या झोपायच्या खोलीची खिडकी त्यांच्या भटारखान्याकडे उघडते, आणि मागच्या बैठकीला तिला कोणी बोलावलंच नव्हतं.